तिथीची पाऊणपट

ठाणे स्टेशन सोडून लोकल कळव्याकडे निघाली की लगेच खाडी लागते. संध्याकाळच्या गर्दीत दाराशी उभ्या असलेल्या माणसाला खाली कधी काठोकाठ भरलेलं करडं पाणी दिसतं, तर कधी नुसता चिखल आणि त्यात कलंडलेली एखादी होडी. वेळ तीच, गाडी तीच, मध्ये फक्त आठवडा गेलेला असतो. अष्टमीच्या संध्याकाळी सहा-साडेसहाला खाडी भरलेली असते, पौर्णिमेला त्याच वेळी रिकामी. दारातल्या माणसाला याच्याशी देणंघेणं नसतं. चेंदणी, कळवा, विटावा, ऐरोली इथल्या कोळ्यांचा मात्र अख्खा दिवस यावर ठरतो.

त्यांचा हिशेब कोकण किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या तोंडपाठ आहे. तिथीची पाऊणपट करायची. येईल त्या आकड्याच्या सुमारास भरती पुरी होते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. भरती दिवसातून दोनदा येते, म्हणून आकडा पहाटेलाही लागू आणि दुपार-संध्याकाळलाही. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि त्याच्या मागोमाग भरतीही तेवढी पुढे ढकलली जाते. तिथीमागे पाऊण तास हे तेच गणित, पाटीपेन्सिलीशिवाय केलेलं. पौर्णिमा-अमावास्येला उत्तर सव्वाअकरा येतं आणि पाणी भरतं बाराच्या आसपास, म्हणून अर्ध्या-पाऊण तासाची सूट धरावी लागते. शिवाय हा हिशेब उघड्या समुद्राकाठचा आहे. मुंबईच्या अपोलो बंदराशी भरलेलं पाणी ठाण्यापर्यंत चढायला आणखी वेळ घेतं. तो फरक कुठल्या पंचांगात मिळत नाही. ज्याने त्याने आपल्या बंदरापुरता शिकायचा असतो.

वेळेइतकंच महत्त्व पाण्याच्या जोराला. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं. तेव्हा मुंबईच्या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरांहूनही जास्त फरक पडतो, आणि एवढं पाणी सहा तासांत आत येऊन सहा तासांत बाहेर पडायचं म्हणजे खाडीला नदीसारखी ओढ लागते. अष्टमीच्या आसपास भांग. पाणी येतं-जातं, पण सुस्त. कोणतं जाळं कधी बाहेर काढायचं हे या दोन शब्दांवर ठरतं.

ठाण्याची खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब आहे. दक्षिणेला ती मुंबई बंदरात मोकळी होते आणि उत्तरेला चिंचोळी होत होत उल्हास नदीच्या पाण्याला जाऊन मिळते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्यापर्यंत आली. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ ला, खाडीवर पूल बांधून लोहमार्ग कल्याणला पोचला. त्याआधी या भागातली मोठी वाहतूक पाण्यावरूनच व्हायची. ठाणे पूर्वेच्या चेंदणी कोळीवाड्यालगतचं मीठबंदर आजही नावाने ती आठवण सांगतं. काठावर मिठागरं होती, बंदरात गलबतं लागत होती. आज रस्त्याला नाव तेवढं उरलं आहे, पण बंदराकाठची वस्ती मात्र हललेली नाही.

खाडीतलं सगळ्यात कष्टाचं जाळं म्हणजे डोल, आणि तिचाच लहान अवतार बोकशी. तळाच्या चिखलात दोन खुंट ठोकलेले असतात. त्यांच्यामध्ये जाळ्याचं तोंड प्रवाहाकडे करून बांधायचं. तोंडाशी आस (जाळ्याचे डोळे) मोठे, पुढे बारीक बारीक होत जाणारे, आणि शेवटी पायमोज्याच्या टोकासारखा अरुंद खोला. मासा शोधायला कुणी जात नाही. पाणीच त्याला घेऊन येतं. म्हणून डोल उधाणाची. भांगाच्या दिवसांत प्रवाहाला दमच नसतो, जाळं लोंबकळत राहतं आणि होडीचा फेरा फुकट जातो.

खरी कसोटी जाळं उचलण्याची. ओहोटी संपून भरती लागण्याआधी पाणी थोडा वेळ थबकतं. तेवढ्यात खोला होडीत आला पाहिजे. उशीर झाला की प्रवाह उलटतो, जाळं पलटी खातं आणि आत आलेलं म्हावरं आल्या वाटेने निघून जातं. खोल्याची गाठ सोडली की होडीत ढीग पडतो: करंदी, कोळंबी, ढोमा, शिंगाळा, एखादी चिंबोरी. त्याबरोबर पिशव्या, बाटल्या, गुटख्याच्या पुड्या. निवडायचं काम हातांचं आहे आणि ते अंधारातही चालतं, कारण पौर्णिमेच्या दुपारी बांधलेली डोल संध्याकाळीच सुटते.

पाग हे एकट्या माणसाचं जाळं. घेर गोल, काठाला शिशाचे मणी ओवलेले, मधल्या टोकाला लांब दोरी. दोरी मनगटाला गुंडाळायची, जाळ्याचा एक भाग खांद्यावर टाकायचा, काठाचा एक मणी दातांत धरायचा आणि कमरेतून वळून फेक करायची. नवशिक्याचं जाळं गोळा होऊन पडतं. सरावलेल्या हाताची पाग हवेत पूर्ण उघडते, पाण्यावर सगळा काठ एकदम टेकतो आणि मणी बुडताना घेर आवळत जातो. उथळ पाण्यातल्या बोइटांसाठी हे जाळं उत्तम. बोइट चिखलावरचं शेवाळ खरवडून जगतं आणि घाबरलं की पाण्याबाहेर उडी घेतं. पाग टाकणारा त्या उड्यांवरूनच थवा कुठे आहे ते ओळखतो.

ओहोटीला उघडा पडणारा चिखल हे आणखी एक शेत. पोटरीभर गाळात उतरून निवट्यांची बिळं हुडकायची, खुबे वेचायचे, दगडांवरची कालवं फोडायची, ही कामं मुख्यतः बायकांची आहेत. निवटी चिखलावर परांच्या जोरावर चालते आणि चाहूल लागताच बिळात शिरते. तिला हाताने पकडणं हे कसब आहे. पकडलेलं विकायचं कामही कोळणीचंच. भाव, उधारी, गिऱ्हाइकाची आवड, सगळं तिच्या डोक्यात. होडी नवऱ्याची असली तरी घरात पैसा येतो तो तिच्या पाटीतून.

उत्तरेकडे कल्याण-डोंबिवलीला पाणी वेगळं वागतं. उल्हास राजमाचीच्या खोऱ्यातून निघते आणि १२२ किलोमीटरांच्या वाटेवर कल्याणजवळ काळू नदीला भेटते. इथपर्यंत भरती चढते, पण खारेपणा विरत जातो. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि मराठी आरमाराची सुरुवात याच खाडीकाठी झाली, ती इथे लढाऊ जहाजं बांधून समुद्रापर्यंत नेता येण्याइतकी खोली होती म्हणून. दुर्गाडी किल्ल्याच्या बुरुजावरून आजही ते वळण दिसतं. पुढे या पात्राला रेतीने भाव आणला. डोंबिवलीच्या मोठागावचं रेतीबंदर त्याच धंद्यातून नावारूपाला आलं. बुडी मारून पाटीने रेती काढण्याची जुनी हातपाटी-डुबी पद्धत मागे पडून सक्शन पंप आले आणि तळ खरवडला गेला. तळाशी अंडी घालणाऱ्या, तळाशीच चरणाऱ्या माशांचं घर त्या पंपांनी उपसून नेलं.

तरीही पहिला पाऊस जोरात कोसळला की कल्याण, बदलापूर, कर्जत पट्ट्यात वळगण लागते. नदी-तलावांतले मासे पोटात अंडी घेऊन ओढ्यांतून, चरांतून, थेट भाताच्या खाचरांत चढतात. शिंगटी, मरळ, वाम. रात्री विजेऱ्या घेऊन गावंच्या गावं बाहेर पडतात, बांबूचे सापळे लागतात. चढणीच्या माशांची चव ज्याने घेतली तो वर्षभर वाट पाहतो. पण गाभोळीने भरलेला मासा चढतानाच उचलला की पुढच्या वर्षीचं पीकही त्याच रात्री उचललं जातं, हे जुनी माणसं जाणून होती, आणि खाचरं बुजवून इमारती उभ्या राहू लागल्यापासून चढायला वाटच कमी झाली आहे.

जगात अन्यत्र चढणीच्या माशाभोवती मोठे व्यवसाय उभे राहिले. उत्तर अमेरिकेतलं मिशिगन सरोवर सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटरचं. तिथला मूळचा लेक ट्राउट विसाव्या शतकाच्या मध्याला लॅम्प्री या परजीवी माशाने जवळपास संपवला. खाणारा उरला नाही म्हणून अलवाइफ नावाचा छोटा मासा बेसुमार वाढला आणि १९६७ च्या उन्हाळ्यात किनाऱ्यांवर त्याचे मेलेले ढीग साचले. त्याच्या आदल्याच वर्षी मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाने, हॉवर्ड टॅनर यांच्या पुढाकाराने, प्रशांत महासागराकडचा कोहो सॅमन सरोवराला मिळणाऱ्या ओढ्यांत सोडला होता. सॅमनने अलवाइफवर ताव मारला, गळवाल्यांची रीघ लागली, आणि हौशी माणसांना भाड्याच्या बोटीतून सॅमन-ट्राउटच्या मागावर नेणाऱ्या कप्तानांचा धंदा किनाऱ्याकिनाऱ्याने बहरला. त्यांची संध्याकाळची फेरी विशेष मागणीची. उजेड मंदावला की सॅमन खोल, गार पाण्यातून वर येऊन चरू लागतो. तिथे जाणवण्याजोगी भरती-ओहोटी नाही, त्यामुळे संध्याकाळ ठरलेलीच. पैसे घेऊन माणसं नेणाऱ्या कप्तानाला परवाना लागतो, म्हणजेच त्याच्या पाण्याच्या ज्ञानाला सरकारदरबारी किंमत आहे.

ठाण्याच्या खाडीत ज्ञान आहे, ती किंमत नाही. १९६० च्या दशकात पूर्व काठावर ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा उभा राहिला, पाठोपाठ दोन्ही काठांवर शहरं वाढली. रसायनं आणि सांडपाणी वर्षानुवर्षं खाडीत गेलं, गाळ साचला, पूल वाढले. प्रत्येक पुलाच्या खांबांनी प्रवाह थोडा बदलला आणि प्रवाह बदलला की डोलीची जागा बदलते; पिढीजात खुंट निकामी होतात. वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या वेळी मरिआई मच्छीमार सहकारी संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयाने अशा प्रकल्पांनी बाधित होणाऱ्या मच्छीमारांसाठी भरपाईचं धोरण आखायला शासनाला सांगितलं आणि रस्ते विकास महामंडळाला १० कोटी रुपये जमा करायचा आदेश दिला. खाडीत मासे धरणं हा उपजीविकेचा हक्क आहे आणि तो हिरावला तर मोजून द्यावं लागेल, असा त्याचा सरळ अर्थ.

दरम्यान खाडीला दुसरी ओळख मिळाली. ऐरोली आणि वाशी पुलांच्या मधला १,६९० हेक्टरांचा पश्चिमेकडचा पट्टा ऑगस्ट २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला; मालवणनंतरचं हे राज्यातलं दुसरं सागरी अभयारण्य. २०२२ मध्ये भोवतालच्या क्षेत्रासह ६,५२१ हेक्टरांना रामसर दर्जा मिळाला. हिवाळ्यापासून मे अखेरपर्यंत इथे रोहित पक्ष्यांचे हजारोंचे थवे असतात, ते ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलातल्या सूक्ष्म शैवालासाठी. कोळणीचं शेत तेच त्यांचं ताट.

मग बोटी आल्या. पक्षीनिरीक्षक आधीपासून भांडुपच्या उदंचन केंद्राजवळून स्थानिक मच्छीमारांच्या होड्या ठरवून खाडीत जात असत. २०१७ मध्ये वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र ऐरोलीत उघडलं आणि तिथून फेऱ्या सुरू झाल्या. या फेऱ्यांचं वेळापत्रक रोज वेगळं असतं. सुटीच्या दिवशी सकाळी दहाला हमखास बोट मिळेल असं नसतं, कारण पूर्ण ओहोटीला धक्क्याशी पाणीच नसतं आणि पूर्ण भरतीला पक्ष्यांना उभं राहायला चिखल नसतो. मधले दोन-तीन तास कामाचे. पाणी चढू लागलं की थवे तिवरांच्या बाजूला सरकतात आणि तेव्हा बोट किती जवळ न्यायची, कुठे इंजिन बंद करायचं, कुठला उंचवटा आत्ता दोन हात पाण्याखाली आहे, हे सुकाणूवरच्या माणसाला कळावं लागतं. हे सगळं डोल लावणाऱ्या, पाग टाकणाऱ्या माणसाला आधीच ठाऊक आहे.

अभयारण्याच्या आराखड्यात कांदळवनाचं मोजमाप असतं, पक्ष्यांची गणना असते. कोळीवाड्यातलं हे ज्ञानही तिथे मोजलं जायला हवं. भाड्याच्या फेऱ्यांचे परवाने आधी काठावरच्या मच्छीमार संस्थांना मिळावेत, होड्या लागायला गाळ काढलेले धक्के असावेत, नाल्यांचं पाणी शुद्ध होऊनच खाडीत उतरावं. यात अशक्य काही नाही. खाडीतलं म्हावरं टिकलं तर कोळी टिकेल, आणि कोळी टिकला तर प्रदूषणाची पहिली वर्दी देणारा माणूस पाण्यावर राहील. मासे मरून तरंगू लागले की ते सगळ्यात आधी त्यालाच दिसतात.

खाडी पाहायला जायचं असेल त्याने रविवार शोधण्याआधी दिनदर्शिकेतली तिथी पाहावी आणि ऐरोलीच्या केंद्राकडून त्या दिवसाची वेळ विचारून घ्यावी. जानेवारी ते एप्रिल हा काळ चांगला. दुपारची शेवटची फेरी मिळाली तर उजेड पाठीशी असतो आणि पूर्व काठाकडचे थवे नीट दिसतात. परतताना चेंदणीकडून यावं. पाटीत खाडीची करंदी किंवा बोइट असेल तर ते त्याच दिवशीचं आहे का ते विचारावं, आणि असेल तर घ्यावं.