मान, मोमेंट आणि टॉवेलची गुंडाळी

सबमिशनच्या आठवड्यात शीट्स काढून काढून माझी मान अशी धरली, की कुणी हाक मारली तर अख्खं वळावं लागायचं. तेव्हा कुठे फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स समजलं!

मित्रांनो, डोकं साधारण ५ किलोचं. त्याचा गुरुत्वमध्य मणक्याच्या जरा पुढे, म्हणून मानेमागचे स्नायू ते सतत मागे ओढून धरतात. खाली वाकलं की मोमेंट आर्म वाढतो. केनेथ हंसराज या सर्जननी २०१४ साली मॉडेलवरून हिशोब मांडला: ६० अंश वाकल्यावर मानेवर सुमारे २७ किलोचा भार. सिमेंटच्या अर्ध्या गोणीहून जास्त!

आडवं पडल्यावर मानेची उशी खालची पोकळी भरते. रिअ‍ॅक्शन उशी देते, स्नायूंना सुट्टी. पण उशी उंच असली तर हनुवटी छातीकडे येते, म्हणजे परत तेच. मी हॉस्टेलवर टॉवेलची गुंडाळी अभ्र्याच्या कडेला सरकवली. मानेखाली गुंडाळी, डोकं मात्र पातळ उशीवर. चौथ्या दिवशी मान वळायला लागली. बसमधली यू आकाराची उशी वेगळी, ती डोकं बाजूला कलंडू देत नाही.

हात बधिर होत असेल किंवा मुंग्या येत असतील, तर मात्र प्रयोग नकोत, सरळ डॉक्टर गाठा.