मेंढरं ओरडत होती
कोकणातले बेने इस्रायल : लेखांक ६

सिडकोची स्थापना १९७० सालची. पनवेलचं बेथ एल सिनेगॉग १८४९ चं, म्हणजे नवी मुंबई कागदावरही नव्हती तेव्हाचं. हे सिनेगॉग ज्यांचं, त्या बेने इस्रायल ज्यूंच्या कथेतला नवगावचा किनारा, फुटलेलं गलबत आणि त्यांच्या 'शनिवार तेली' या नावाची हकिकत गेल्या आठवड्यात आपण पाहिली. ती लिहिताना एक गोष्ट मनात अडकून राहिली होती. बेने इस्रायल घरात लग्नकार्याला, नवसाला, नव्या घराला मलिदा होतो. भिजवलेले पोहे, नारळ, गूळ, वेलदोडा, वर फळं. त्या ताटापुढे नाव घेतलं जातं ते एलियाहू हानबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं. नाबोथाचा द्राक्षमळा बळकावणाऱ्या अहाब राजाला तोंडावर जाब विचारणारा हा माणूस. कोकणातल्या घरोघरी आठवण राहिली ती राजाला अडवणाऱ्याची.

ही निवड कुणी ठरवून केली असेल असं नाही. पण बायबलमधली शमुवेलाची पुस्तकं वाचताना वाटतं की ती त्यांतल्या कथेला धरूनच आहे.

मुळात इस्राएल लोकांना राजा नव्हताच. आसपासच्या लोकांना राजे आहेत, आम्हालाही हवा, असा हट्ट त्यांनी म्हाताऱ्या शमुवेल संदेष्ट्याकडे धरला. शमुवेलानं बजावलं की राजा तुमची मुलं सैन्यात ओढील, शेतं-द्राक्षमळे आपल्या चाकरांना देईल, पिकाचा दहावा हिस्सा घेईल. ऐकलं कुणी नाही. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात राजासाठी नियम आहेत. त्यानं घोडे, बायका, सोनं-रुपं यांचा साठा करू नये. आणि गादीवर बसल्यावर नियमशास्त्राची एक प्रत स्वतःसाठी लिहवून घ्यावी, ती जन्मभर वाचावी. सिनेगॉगमध्ये हेखालात, म्हणजे पवित्र कपाटात, ठेवलेली सेफर तोरा, म्हणजे नियमशास्त्राची गुंडाळी, आजही हातानंच लिहिली जाते. तिच्यात ३,०४,८०५ अक्षरं असतात आणि एखादंही चुकलं तर दुरुस्त होईपर्यंत ती पठणाला चालत नाही. शास्त्राचा हा काच राजालाही होता. त्या काळच्या मिसर-बाबेलच्या राजांच्या मानानं ही गोष्ट फार वेगळी आहे.

पहिला राजा शौल. बापाची हरवलेली गाढवं शोधायला निघाला आणि राज्य घेऊन परतला. गर्दीत खांद्याच्या वर उठून दिसेल असा उंच, पण निवड जाहीर झाली तेव्हा सामानसुमानाच्या आड लपून बसलेला. मला शौलाविषयी नेहमी कणव वाटत आली आहे. गिलगालात तो सात दिवस शमुवेलाची वाट पाहतो, समोर पलिष्ट्यांची फौज, मागून स्वतःचे लोक पांगताहेत. शेवटी तो स्वतःच होम करतो आणि नेमका तेव्हाच शमुवेल येतो, तुझं राज्य टिकणार नाही असं सांगतो. घाईची शिक्षा एवढी कठोर?

अमालेकी लोकांच्या लढाईनंतर मात्र त्याचा स्वभाव उघडा पडतो. सगळ्यांचा, अगदी तान्ह्यांचाही, नाश करायची ती आज्ञा आज वाचवत नाही, आणि तिचं समर्थन करण्याची माझी तयारी नाही. पण शौलानं ती दयेपोटी मोडलेली नाही. त्यानं राजा अगागला जिवंत ठेवलं आणि निवडक गुरंमेंढरं राखली. शमुवेल भेटताच शौल म्हणाला, आज्ञा पाळली. मागे मेंढरं ओरडत होती. मग म्हणाला, ती लोकांनी आणली. मग, यज्ञासाठी आणली. मग, लोकांना भ्यालो. शेवटी चूक कबूल केली, पण त्याच दमात मागणी केली की वडीलधाऱ्यांसमोर माझा मान राखा.

शौलानंतरचा राजा दावीद. त्याचा गुन्हा याहून कितीतरी काळा. आपला सैनिक उरीया रणांगणावर असताना दावीदानं उरीयाची बायको बथशेबा बोलावून घेतली आणि मग उरीयाला लढाईच्या ऐन तोंडाशी उभं करून मारवलं. नाथान संदेष्टा दरबारात आला तो कीर्तनकारासारखा. आधी आख्यान लावलं: एक श्रीमंत, एक गरीब, गरिबाची पोटच्या पोरीसारखी वाढवलेली एकुलती मेंढी, आणि पाहुण्यासाठी श्रीमंतानं कापली ती नेमकी तीच. राजा संतापला, त्या माणसाला मरणाची शिक्षा सांगून मोकळा झाला. मग नाथानानं बोट त्याच्याकडे वळवलं. दावीदाचा कबुलीजबाब मूळ हिब्रूत दोन शब्दांचा आहे. सबब नाही, लोकांवर ढकलणं नाही, मानाची मागणी नाही.

नारायणरावाच्या खुनानंतर, १७७३ मध्ये, रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितल्याची कथा आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. तिथंही नाथान होता. समोर दावीद नव्हता.

कबुलीनं दावीदाची सुटका झाली नाही. मूल गेलं, पुढे पोटचा मुलगा अबशालोम उठला, राजाला अनवाणी यरुशलेम सोडावं लागलं. वाटेत शिमी नावाचा माणूस दगड मारत शिव्या देत होता. दावीदानं त्याला हात लावू दिला नाही. पण खटकणारी गोष्टही सांगायला हवी: या सगळ्यात बथशेबाला काय वाटलं हे कुणी विचारत नाही, आणि उरीया मेलेलाच राहतो.

दावीदाचा इतिहास किती, आख्यायिका किती, यावर वाद आहेत. १९९३ मध्ये तेल दान इथं सापडलेल्या इसवी सनापूर्वी नवव्या शतकातल्या शिलालेखात 'दावीदाचं घराणं' असा उल्लेख बहुतेक अभ्यासक वाचतात. आपल्या विषयाला तेवढं पुरे.

बायबलमधली अशी चरित्रं बेने इस्रायल समाजात मराठीतून पसरली. १८८० च्या सुमारास मुंबईत बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी कीर्तनांना सुरुवात केली. चालीरीत हरिदासी कीर्तनाची, आख्यानं अब्राहाम, मोशे यांच्यासारख्या पूर्वजांची. ती छापलीही गेली, पण आता क्वचितच दिसतात. पनवेल, पेण, अलिबागकडे कुणाच्या माळ्यावर अशी एखादी पोथी पडली असेल, तर रद्दीत घालण्याआधी मला जरूर कळवा.