आखणी ठरण्यापूर्वी बोलावे : जयनगरचा हिरवा पट्टा आणि शेतशिवार

बंगळूरच्या जयनगर या नियोजित उपनगराची पायाभरणी १९४८ मध्ये झाली. त्याच्या उत्तरेस लालबाग आहे. हैदर अलीने १७६० मध्ये आरंभिलेले, सुमारे २४० एकरांचे हे उद्यान आज कर्नाटकच्या फलोत्पादन खात्याच्या देखरेखीखाली आहे. लालबागेच्या दक्षिणेकडे लक्ष्मणराव उद्यानाचा लांबट, वृक्षाच्छादित पट्टा पसरलेला होता. मेट्रोच्या उन्नत मार्गाची आखणी याच बाजूने झाली आणि २००९ मध्ये रहिवासी व ‘हसिरु उसिरु’सारखे नागरिकगट रस्त्यावर उतरले.

त्यांचा विरोध मेट्रोला नव्हता. ‘मार्ग भुयारी का नाही, झाडांचा हिशेब कोणी मांडला आणि आम्हाला केव्हा विचारले,’ एवढेच त्यांचे प्रश्न होते. तथापि प्रकल्पाची पायाभरणी २४ जून २००६ रोजीच झालेली होती. आंदोलन पेटले तेव्हा आखणी ठरून गेलेली होती. झाडे तोडली गेली आणि जून २०१७ मध्ये या भागातून गाड्या धावू लागल्या. त्या मार्गिकेचे नाव मात्र ‘हरित मार्गिका’!

शहराच्या वेशीबाहेर

शहरात प्रश्न सावलीचा असतो. शिवारात तो उपजीविकेचा होतो. बंगळूरभोवतीच्या सुमारे ७३ किलोमीटरच्या परिघीय वर्तुळाकार रस्त्याची अंतिम अधिसूचना २००७ मध्ये निघाली. पण काम वर्षानुवर्षे रखडले. अधिसूचित जमिनीवर फळबाग लावावी की नाही, विहीर खोदावी की नाही, या संभ्रमात शेतकऱ्याची उमेदीची वर्षे जातात. भरपाई २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार मिळावी, अशी शेतकऱ्यांची मागणी होती. परंतु बंगळूर विकास प्राधिकरणाच्या कायद्याखालील संपादनास तो कायदा लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये दिला. संपादन कोणत्या कायद्याखाली होत आहे, हा पहिला प्रश्न का विचारावा, हे यावरून ध्यानात येते.

महाराष्ट्रातही नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीला कोल्हापूर, सांगली भागांतील बागायतदारांनी असाच विरोध नोंदविला आहे.

कायदा काय देतो

२०१३ च्या कायद्यात बहुपीक बागायती जमिनीला संरक्षण आहे; परंतु रस्ते, रेल्वे, कालवे अशा रेषीय प्रकल्पांना त्यातून सूट आहे. म्हणजे ‘आमची जमीन बागायती आहे’ एवढ्या मुद्द्यावर रस्ता अडत नाही. याच कायद्यानुसार प्राथमिक अधिसूचनेनंतर ६० दिवसांत लेखी हरकत घेता येते. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात ही मुदत केवळ २१ दिवसांची आहे. कलम २९ नुसार झाडे व उभ्या पिकांच्या मूल्यांकनासाठी जिल्हाधिकारी कृषी, फलोत्पादन, वन किंवा रेशीम क्षेत्रांतील अनुभवी व्यक्तींची मदत घेऊ शकतात. विस्तार कार्यकर्त्याचे ज्ञान येथेच उपयोगी पडते.

आजच करावयाची कामे

• ई-पीक पाहणीत प्रत्येक हंगामाचे पीक नोंदवावे. फळझाडे, बांधावरची झाडे, विहीर व कूपनलिका यांची नोंद सातबाऱ्यावर आहे का, ते तपासावे.
• झाडांचे वय, संख्या आणि मागील काही वर्षांचे उत्पन्न लिहून ठेवावे. विक्रीच्या पावत्या जपाव्यात.
• पाइपलाइन, पाट आणि ओढ्यांचा गावनकाशा तयार करावा. रस्त्याचा भराव पाणी अडवतो व शेताचे दोन तुकडे करतो. ही हानी एकरांच्या हिशेबात दिसत नाही.
• हरकत घेताना पर्यायी आखणी सुचवावी. पडीक जमिनीतून वा जुन्या रस्त्याच्या रुंदीकरणातून काम होणार असेल, तर ते नकाशावर दाखवावे.
• ग्रामसभेचा ठराव मुदतीच्या आत करावा.

जयनगरच्या रहिवाशांचे प्रश्न योग्य होते, पण वेळ निघून गेली होती. शिवारात मोजणीचे खांब उभे राहण्यापूर्वी नोंदी तयार असतील, तर शेतकऱ्याचे म्हणणे कागदावर उतरते आणि त्याला उत्तर देणे यंत्रणेला भाग पडते.