शाळेच्या पायऱ्या मोजा

आपल्या गावच्या शाळेला पायऱ्या किती आहेत? आपण रोज त्या चढतो-उतरतो, पण मोजत कोणी नाही. धडधाकट माणसाला त्या दिसतच नाहीत. ज्या पोराचे पाय लुळे आहेत, त्याला मात्र त्या लांबूनच दिसतात. तीन पायऱ्या आडव्या आल्या की त्याची शाळा बंद.

मग आई म्हणते, "राहू दे घरी. रोज उचलून कोण नेणार?" बाप म्हणतो, "शिकून तरी काय करणार?" पोर ओसरीवर बसतं. सात वर्षांचं होतं, आठ वर्षांचं होतं. बाकीची पोरं दप्तर घेऊन समोरून जातात. ते बघत राहतं.

असं मूल पुष्कळ गावांत सापडेल. २०११ च्या जनगणनेत आपल्या महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६० हजार अपंग माणसं मोजली गेली. त्यांत मुलंही आली. मोजणारा दारात आल्यावर आतल्या खोलीत ठेवलेली मुलं वेगळीच.

का लपवतात? लाज वाटते म्हणून. कोणी म्हणतं, मागल्या जन्माचं पाप. कोणी म्हणतं, आईनं ग्रहणात विळी हातात धरली, म्हणून लेकराचा ओठ फाटला. आम्ही स्पष्ट सांगतो, हे खरं नाही. ग्रहण म्हणजे सावली. सावलीनं कोणाचा ओठ चिरत नाही. पोटात असताना, पहिल्या दोन महिन्यांत, ओठ जुळायचा राहून जातो. शस्त्रक्रिया करून तो जुळवता येतो.

बहिऱ्या मुलाचंही तसंच. आपण त्याला मुकं म्हणतो. पण त्याचा आवाज बहुधा शाबूत असतो. त्याला ऐकू येत नाही, एवढंच. जो शब्द कधी कानावर पडला नाही, तो तोंडातून येणार कसा? लवकर ओळखलं आणि कानाचं यंत्र मिळालं, तर यातली पुष्कळ मुलं बोलू लागतात. बाकीची खुणांच्या भाषेनं शिकतात. ती भाषाही खरीच भाषा आहे.

आता कोणी विचारील, "बरं, पण आंधळ्या पोरानं गावच्या शाळेत जाऊन काय करायचं? त्याला ना फळा दिसतो, ना पुस्तक." याचं उत्तर आम्ही एका गोष्टीनं देतो. गोष्ट घडलेली आहे.

फ्रान्स देशात पॅरिस शहराजवळ कूव्रे नावाचं खेडं आहे. तिथं १८०९ साली लुई ब्रेल जन्मला. बाप घोड्यांचे खोगीर-लगाम शिवायचा. लुई तीन वर्षांचा होता. बापाच्या आरीशी खेळताना आरी डोळ्यात घुसली. तो डोळा गेला आणि तिथलं दुखणं दुसऱ्या डोळ्यात उतरलं. पाच वर्षांचा होईतो दोन्ही डोळे गेले.

बापानं त्याला कोपऱ्यात बसवलं नाही. त्यानं लाकडावर खिळे ठोकून अक्षरं केली आणि पोराची बोटं त्यांवरून फिरवली. गावच्या शाळेनंही त्याला घेतलं. डोळस पोरांच्या शेजारी तो बसे, ऐके आणि ध्यानात ठेवी. वर्गात तो हुशार निघाला. दहाव्या वर्षी त्याला पॅरिसच्या अंधशाळेत जागा मिळाली. पुढं १८२४ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, त्यानं सहा उठावदार ठिपक्यांची लिपी बसवली. आज जगभरची आंधळी माणसं बोटांनी तीच लिपी वाचतात. भारतातल्या भाषांसाठी १९५१ साली भारती ब्रेल ठरली, आणि आपली मराठीही त्या ठिपक्यांत आली.

गावच्या त्या मास्तराला काही खास शिक्षण नव्हतं. ब्रेल लिपी तर तेव्हा जन्मालाच आली नव्हती. त्यानं फक्त दार लावून घेतलं नाही.

आपल्याकडे दार लावायला आता कायद्यानंच मनाई आहे. २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला. १ एप्रिल २०१० पासून तो चालू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला फुकट शिक्षण मिळालंच पाहिजे, असं तो सांगतो. मूल उशिरा आलं म्हणून परत पाठवता येत नाही. नऊ वर्षांचं पोर कधीच शाळेत गेलं नसेल, तर त्याला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि मागचं शिकवून घ्यायचं. २०१६ साली अपंगांच्या हक्कांचा नवा कायदा झाला. त्यात २१ प्रकारची अपंगत्वं धरली आहेत. ज्याचं अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त आहे, त्याला सहा ते अठरा वर्षांपर्यंत फुकट शिक्षण आहे. शाळा जवळची साधी की खास, हे निवडायचा हक्कही त्याचाच आहे. "तुमच्या पोराला दुसरीकडे घाला," असं सांगून शाळेला हात झटकता येत नाहीत.

खास शाळा वाईट असं आम्ही म्हणत नाही. काही मुलांना तिचाच उपयोग होतो. पण ती बहुतेक शहरात असते. सहा वर्षांचं लेकरू आईपासून तोडून वसतिगृहात ठेवायचं की नाही, हे आईबापांनी ठरवावं, मास्तरांनी नव्हे.

मास्तरांची बाजूही ऐकली पाहिजे. एका मास्तराकडे दोन-दोन वर्ग असतात. खास शिक्षक सरकारनं नेमले आहेत, पण एकेकाकडे पुष्कळ शाळा. तो रोज येत नाही. तरी काही गोष्टींना पैसा लागत नाही. कमी ऐकू येणारं मूल पुढं बसवावं. फळ्याकडे तोंड करून बोलू नये, कारण ते मूल ओठ बघून समजून घेतं. कमी दिसणाऱ्याला उजेडात बसवावं, अक्षर ठसठशीत काढावं. कागदावर दिव्यांग आणि ओट्यावर लंगड्या, हे बंद करावं. पोराला नाव ठेवलेलं असतं, त्याच नावानं हाक मारावी.

पायऱ्यांना मात्र पैसा लागतो. त्यांच्या बाजूला उतरण हवी. हल्ली तिला रॅम्प म्हणतात. हिशेब सोपा आहे. एक फूट उंची चढायची, तर उतरण बारा फूट लांब. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील, तर अठरा फूट. गवंडी चार फुटांत उरकतो. त्यावर चाकाची खुर्ची चढत नाही, घसरते मात्र. कडेला धरायला कठडा हवा. संडासाचं दारही तीन फूट रुंद हवं. मोठ्या मुली पुष्कळदा संडासापायीच शाळा सोडतात. अपंग मुलीचं तर विचारूच नका.

पैसा कुठला? ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातले पाच टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उभं राहून विचारा, यंदा किती खर्चले आणि कशावर? शाळा व्यवस्थापन समितीत चारांतले तीन सभासद पालक असतात. तिथंही हा विषय काढा.

एका गोष्टीवर नजर ठेवा. पटावर नाव आणि मूल घरी, असं पुष्कळ ठिकाणी चालतं. अपंगत्व फार गंभीर असेल, तर घरी शिकायची मुभा २०१२ सालच्या दुरुस्तीनं दिली आहे. ती मुभा मुलाची आहे. उतरण बांधायची टाळावी म्हणून शाळेनं तिचा आडोसा घ्यायचा नाही.

अपंगत्वाचा दाखला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मिळतो. यंत्र, सवलती, परीक्षेत लेखनिक, जादा वेळ, या सर्वांना तो लागतो. पण दाखला अजून मिळाला नाही म्हणून शाळेनं प्रवेश अडवू नये.

आता तुम्हाला लिहिता येतं. अर्ज दुसऱ्याकडून लिहून घ्यायची गरज नाही. वर लिहा, "मुख्याध्यापक यांस," आणि शाळेचं नाव. खाली लिहा: "माझ्या मुलीचे वय आठ वर्षे आहे. तिला चालता येत नाही. तिला तिच्या वयाच्या वर्गात घ्यावे. शाळेला उतरण नाही, ती बांधावी. तोवर तिचा वर्ग खालच्या खोलीत भरवावा." मुलीचं नाव, आपलं नाव, तारीख आणि सही. अंगठा नाही, सही.

अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर शाळेचा शिक्का आणि तारीख घ्या. हिला पोच म्हणतात. काहीच झालं नाही, तर ती पोच जोडून पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत द्यावा, असं कायदा सांगतो. तिथंही पोच घ्या.