चेंबरचा पंचनामा

अमरावती आणि अकोला यांच्यामधील ज्या राष्ट्रीय महामार्गावर 2022 च्या जून महिन्यात 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबर अंथरून जागतिक विक्रम नोंदविला गेला, त्या मार्गावर आमच्या डिझेल पिकअपला ओरखडाही उठला नाही. तिचा घात झाला तो मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका पांदणीत, कापूस भरून बाहेर पडताना. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन इतकी खोल की नांगराच्या फाळाला खडा लागणे दुर्मिळ. तेव्हा इंजिनाच्या तळाला लागलेला तो धोंडा या मुलखाचा रहिवासी नसून पांदणीच्या मजबुतीकरणासाठी बाहेरून आलेला होता, हे आधीच नमूद करून ठेवतो.

इंजिनाचे तेल ज्या पत्र्याच्या भांड्यात साठते त्याला गॅरेजात ‘चेंबर’ म्हणतात. तेलाचा लाल दिवा लागताच चालकाने इंजिन बंद केले, त्यामुळे पुढचा मोठा अनर्थ टळला. मग त्याने फुटीवर अंगाचा साबण चोळून पाहिला. पण डिझेलच्या टाकीला घटकाभर तारणारा हा उपाय तापलेल्या तेलापुढे टिकला नाही, आणि गाडी दोराने ओढत महामार्गालगतच्या एका गॅरेजात आणावी लागली.

मिस्त्रींनी गाडी खड्ड्यावर घेऊन चाकांना अडण लावली, बॅटरीची तार सोडली, आणि तळाचा नट काढून उरलेले तेल घमेल्यात उतरविले. त्यातला एक थेंब अंगठा व तर्जनी यांत चोळून त्यांनी उन्हाकडे धरला, तो बेअरिंगच्या धातूची चकाकी दिसते का हे पाहण्यासाठी. ती दिसली नाही. मी मात्र अधीर होऊन, वीस-बावीस बोल्ट सोडायला एवढा वेळ का, असे विचारून बसलो.

“बोल्टाचं काय हाय भाऊ, ते तं पोरगंही सोडते. चेंबर निंघाले जागा करा लागते.”

ती जागा करण्यातच दुपार गेली. इंजिनाखालून आडवी गेलेली चौकटीची तुळई, अर्थात क्रॉस मेंबर, चेंबरची वाट अडवून बसली होती. तिला हलविणे शक्य नसल्याने इंजिनालाच वर घेण्याची तजवीज करावी लागली: माउंटिंगचे नट सोडले, पंख्याभोवतीची जाळी मोकळी केली, रेडिएटरचे पाइप ताणले जात नाहीत ना हे हाताने चाचपले, आणि चेनपुलीने इंजिन जेमतेम दोन-तीन बोटे उचलून मधल्या फटीत लाकडी ठोकळे सारले. साखळीवर भिस्त ठेवून खाली हात घालायचा नाही, हा तिथला दस्तूर. मग बोल्ट सुटले. चार कोपऱ्यांतले मात्र, चेंबर अंगावर येऊ नये म्हणून, अखेरपर्यंत राखले गेले.

बोल्ट निघूनही चेंबर सिलिकॉनच्या जोरावर चिकटून राहिला. शिकाऊ पोराने पेचकस खुपसायला घेतला तेव्हा मिस्त्रींनी त्याचा हातच धरला, कारण इंजिनाच्या सपाट कडेवर पडलेला एक चरा नव्या चेंबरलाही जन्मभर गळायला लावतो. पातळ पट्टी कडेत बसवून, लाकडी हातोड्याने हलके ठोके देत त्यांनी ती भोवती फिरविली. चेंबर चार बोटे उतरला आणि क्रँकच्या वजनी भागाला अडकला. तेव्हा पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून क्रँक सावकाश फिरविला, तो भाग वर गेला, आणि ते भांडे तिरपे होत मागच्या बाजूने बाहेर आले.

उजेडात पाहिल्यावर उमगले की फुटीहून खरा कसूर पोचीचा होता. पत्रा आत दबून तेल शोषणाऱ्या जाळीला जवळजवळ टेकला होता. गळती निदान जमिनीवर डाग पाडून वर्दी तरी देते. पण नुसती पोच असती तर तेल पुरते भरलेले असूनही इंजिन उपाशी राहिले असते, आणि बाहेर थेंबही सांडला नसता. माझ्या मते या प्रकरणात धोंड्याने चेंबर फोडला हे बरेच झाले.

चालकाने वेल्डिंगचा प्रस्ताव मांडला. तेल मुरलेल्या पातळ पत्र्यावर टाका धरत नाही आणि उष्णतेने कडा वाकते, असे सांगून मिस्त्रींनी तो नामंजूर केला. नवा चेंबर अकोल्याहून दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.ने आला, तोवर आमचा कापूस दुसऱ्याच्या गाडीतून बाजारात पोहोचला होता.