विश्लेषण : अमेरिकेतील तुरुंगांत व्यसनमुक्तीच्या औषधांचा खर्च कोणी करायचा?

हेरॉइन किंवा फेंटानिलच्या आहारी गेलेली व्यक्ती अमेरिकेत पकडली गेली, की तिची रवानगी बहुधा काउंटीच्या स्थानिक तुरुंगात होते. तिथे नशा तुटते, पण उपचार मिळतीलच असे नाही. खरा धोका सुटकेनंतरचा असतो. शरीराची सवय मोडलेली असते आणि पूर्वीइतकीच मात्रा जीवघेणी ठरते. वॉशिंग्टन राज्यातील माजी कैद्यांच्या २००७ मधील अभ्यासात, सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिसेवनाने मृत्यू होण्याचा धोका सर्वसामान्यांच्या १२९ पट आढळला.

औषधांनी फरक पडतो?

मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन तलफ शमवतात. नॅल्ट्रेक्सोन नशाच चढू देत नाही. ‘एक नशा सोडवायला दुसरी’ हा आक्षेप तुरुंग प्रशासनात जुनाच आहे. ऱ्होड आयलंडने २०१६ मध्ये तिन्ही औषधे कैद्यांना उपलब्ध केली. त्या वर्षीच्या पहिल्या सहामाहीत अतिसेवनाने दगावलेल्यांपैकी २६ जण नुकतेच सुटलेले होते; पुढील वर्षी याच काळात ९. आकडे लहान आहेत, कारण राज्यच लहान. शिवाय तिथे काउंटीचे तुरुंग नाहीत, सगळे राज्याकडे. त्यामुळे पैशाची तरतूद एकाच ठिकाणाहून झाली.

मग इतरत्र अडते कुठे?

‘मेडिकेड’ ही गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना. १९६५ च्या कायद्यानुसार, लाभार्थी गजाआड गेला की केंद्राचा निधी थांबतो; अपवाद फक्त बाहेरच्या रुग्णालयात दाखल झाल्यास. दोष सिद्ध झालेला असो वा नसो. स्थानिक तुरुंगांत तर बहुतांश कच्चे कैदीच असतात. त्यांच्या औषधांचा भार काउंटीवर, म्हणजे बऱ्याच अंशी तिथल्या मालमत्ता करावर पडतो.

नवे काय?

जानेवारी २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाला पहिली सवलत मिळाली : सुटकेआधीच्या ९० दिवसांतील ठरावीक उपचारांसाठी मेडिकेडचा पैसा. त्याच एप्रिलमध्ये केंद्राने इतर राज्यांनाही वाट मोकळी केली. अट अशी की, व्यसनावरील औषधे द्यावीत आणि सुटताना ३० दिवसांचा साठा हाती ठेवावा.

कागदावर हे सोपे दिसते. पण कच्च्या कैद्याची सुटकेची तारीख कोणाला ठाऊक असते? जामीन उद्याही होऊ शकतो. त्यामुळे ९० दिवस मागे मोजत बसण्यापेक्षा आत आल्या दिवशीच तपासणी करून औषध सुरू करावे लागते आणि त्यासाठी लागणारे डॉक्टर, परिचारिका लहान काउंटीत सहज मिळत नाहीत.