पूर्वजांची फिर्याद

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाणाऱ्या मार्गावर, मोटारींचा कारखाना आणि ऑरिक नावाची नवी उद्योगनगरी यांच्या शेजारी, शेंद्रा येथे मांगीरबाबाचे जे स्थान आहे, तेथील चैत्रातल्या जत्रेत नवस फेडण्यासाठी पाठीत लोखंडी गळ टोचून घेण्याची चाल सुधारकांनी कितीही विरोध केला तरी मोडलेली नाही. आणि मूल व्हावे म्हणून बोललेले नवसही त्यांत असतात. हा देव म्हणजे कोणे एके काळी बळी गेलेला मातंग पुरुष, असे लोककथा सांगते. जुना अन्याय आणि कुशीची आस येथे एकाच ओट्यावर नांदतात, यात नवल नाही. परंतु राजकारणी पुरुष जेव्हा या दोहोंची सांगड घालू लागतात, तेव्हा नवस कोणाचा आणि गळ कोणाच्या पाठीत, हे पाहणे अगत्याचे ठरते.

अमेरिकेत ही सांगड फार जुनी आहे. गर्भपात म्हणजे कृष्णवर्णीयांचा वंशच्छेद, असे 1970 च्या दशकात जेसी जॅक्सन यांच्यासारखे पुढारी सांगत. ते 1984 साली अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे राहिले, तोवर त्यांनीच ती भूमिका सोडून दिली होती. काँग्रेसमध्ये निवडून गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री शर्ली चिझम यांनी तर हा सारा युक्तिवाद पुरुषांनी पुरुषांसाठी रचलेला आहे, असा अभिप्राय 1970 सालीच नोंदवून ठेवला होता. पुढे हीच फिर्याद गर्भपातविरोधी गोटाने आपल्या दफ्तरी दाखल करून घेतली, आणि 2019 साली न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस या कृष्णवर्णीय न्यायाधीशाने आपल्या मतपत्रात मार्गारेट सँगर यांच्या सुप्रजननवादी लिखाणाचा दाखला देऊन तो कलंक गर्भपाताच्या माथी मारला. सँगरबाईंचा पुरस्कार संततिनियमनाचा होता, गर्भपाताचा नव्हे, हे मान्य करूनही!

या सँगरबाई आपल्याला परक्या नाहीत. कादंबरीकार ना. सी. फडके यांनी 1927 साली सुप्रजननाच्या चळवळीची तरफदारी करणारा जो इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्याला प्रस्तावना त्यांचीच होती; आणि 1935 च्या डिसेंबरात वर्ध्यास येऊन त्यांनी गांधीजींशी जो वाद केला, त्यात कृत्रिम साधनांचा उपाय गांधीजींनी कबूल केला नाही. प्रजा उत्तम कोणाची आणि हीन कोणाची, हे ठरवण्याचा मक्ता घेऊन बसलेले हे सुप्रजननशास्त्र ज्या समाजात जन्मावरूनच माणसाची पायरी ठरत आली, त्या समाजात कोणाच्या मुळावर येणार, हे सांगावयास ज्योतिषी नको होता. तेव्हा दलितांच्या नेत्याने संततिनियमनाला कट ठरवून त्याचा निषेध केला असता, तर त्याला कोणी दोष दिला नसता.

घडले ते नेमके उलट. संततिनियमनाचा प्रचार करणारे रघुनाथ धोंडो कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या मजकुरापायी 1934 साली अश्लीलतेच्या आरोपावरून कोर्टात उभे राहिले, तेव्हा त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. आणि 10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबईच्या विधानसभेत त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी सरकारने संततिनियमनाच्या सोयी कराव्यात असा ठराव मांडला. त्या दिवशी स्वतः आंबेडकर सभागृहात नव्हते. त्यांच्या विचारांचे भाषण रोहम यांनी केले. बाळंतपणाच्या यातना पुरुषांच्या वाट्याला आल्या असत्या, तर एकाहून अधिक अपत्याला त्यांच्यापैकी कोणी राजी झाला नसता, हा त्या भाषणातला टोला सुप्रसिद्ध आहे. पण त्याहून मोलाचे विधान असे की, कोणत्याही कारणाने स्त्रीला मूल नको असेल, तर ते टाळण्याचे सामर्थ्य तिच्या हाती असले पाहिजे आणि निवड सर्वस्वी तिची असली पाहिजे. येथे जातीच्या संख्याबळाचा हिशेब नाही. पूर्वजांच्या दुःखाचे भांडवलही नाही. ठराव 11 विरुद्ध 52 मतांनी नामंजूर झाला.

या परंपरेला त्याहून जुना पाया होता. ज्यांना शूद्र म्हणून हिणवले गेले त्या जोतीराव फुल्यांनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांसाठी. अन्यायाची स्मृती दार उघडण्यासाठीही वापरता येते, याचा याहून सबळ पुरावा मला ठाऊक नाही.

स्वातंत्र्योत्तर काळातले दफ्तर मात्र निराळे आहे. शांतिलाल शहा समितीच्या अहवालानंतर 1971 साली गर्भपाताचा कायदा झाला; 1976 साली, शंकरराव चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असताना, विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले, जे राष्ट्रपतींच्या संमतीअभावी निकालात निघाले. मग लिंगनिदानाचा प्रश्न आला. 1988 साली त्याविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र पहिले राज्य ठरले खरे, पण 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली अवघ्या 807 उरल्या. त्याच बीडमध्ये ऊस तोडणाऱ्या बायकांची गर्भाशये काढली गेल्याचा बोभाटा झाला, तेव्हा तीन वर्षांत जिल्ह्यात गर्भाशय काढण्याच्या एकूण 4,605 शस्त्रक्रिया झाल्याचे 2019 साली आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितले. ऊस तोडणाऱ्या या बायका कोणत्या जातींच्या, हे सर्वांना ठाऊक होते. चौकशीसाठी समिती नेमली गेली, पण त्यांच्या अंगावर वार करणाऱ्या ऐतिहासिक अन्यायाची आठवण काढून सभागृह दणाणून सोडावे, असे फारसे कोणाला वाटले नाही. संख्येची भीती घालायची असली, की मात्र हीच कूस भाषणांत अग्रस्थानी येते.

गर्भपाताच्या कायद्यातील 2021 च्या दुरुस्तीने काही प्रवर्गांतील स्त्रियांसाठी मुदत 24 आठवड्यांपर्यंत वाढली, तरी कायद्याच्या भाषेत आजही निर्णय होतो तो नोंदणीकृत वैद्यकाच्या मताने. निवड सर्वस्वी स्त्रीची, हे 1938 चे मागणे अद्याप कायद्यात उतरलेले नाही. रोहम यांचे ते भाषण महाराष्ट्र शासनाने 1982 साली प्रसिद्ध केलेल्या आंबेडकरांच्या लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात आहे. बाबासाहेबांचे नाव घेऊन लोकसंख्येवर बोलणाऱ्यांनी ते एकदा मुळातून वाचावे.